दर्शनाची हमी

(पंचवटीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय 'आलिशान सफारीचं वाङ्मय' असा छापून आला, तेव्हा माझ्या एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, सफारीला कसलं आलंय वाङ्मय? पैसे भरायचे, जीपमध्ये बसायचं, सिंह बघायचा, घरी यायचं." प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

सफारीला आपण निघतो ते वाचून. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक असतं, त्यात मावळतीचा सूर्य असतो, काटेरी झाडाची काळी आकृती असते. आणि परत आल्यावर आपण काय करतो? सांगतो. जेवणाच्या टेबलावर सांगतो, फेसबुकवर सांगतो, फारच खुमखुमी असेल तर दिवाळी अंकात लेख लिहितो. म्हणजे जाण्याआधी एक मजकूर आणि आल्यावर दुसरा मजकूर. मधले चार-पाच दिवस या दोन मजकुरांच्या मध्ये चेपलेले असतात. बहुतेक वेळा दुसरा मजकूर पहिल्याची नक्कल असतो. मी समीक्षक आहे, माझा धंदा मजकुरांशी. म्हणून आज एका सफारी-लेखाची समीक्षा करणार आहे. लेखक कोण ते थोड्या वेळानं सांगतो.

सोनेरी हरीण

हा विषय बोलायला पंचवटीसारखी जागा नाही. इथून हाकेच्या अंतरावर सीतागुंफा आहे. परंपरा सांगते की इथेच ते सोनेरी हरीण आलं. अरण्यकांडातला तो प्रसंग आठवून बघा. हरीण सुंदर आहे, अंगावर रुपेरी ठिपके आहेत, ते बरोबर कुटीसमोर येतं, तिथेच बागडतं. पाहणाऱ्याला हवं तिथे, हवं तेव्हा, हवं तसं. आणि लक्ष्मण म्हणतो की असलं हरीण जगात नसतं, हे मारीचाचं काम आहे. मला लक्ष्मण हा या अरण्यातला पहिला समीक्षक वाटतो. त्याचा आक्षेप सौंदर्यावर नाही. त्याला संशय येतो तो सोयीचा. जंगल इतकं सोयीनं समोर येऊन उभं राहत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

आता 'सफारी' या शब्दाकडे येऊ. तो स्वाहिली भाषेतून जगभर गेला, स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि त्याच अरबी मुळापासून आपल्याकडे 'सफर' आला. म्हणजे शब्द आपल्या नात्यातला आहे. मूळ अर्थ नुसता प्रवास. माझ्या पिढीला मात्र 'सफारी' म्हटलं की आधी सूट आठवतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रत्येक ठेकेदार, प्रत्येक शाखाधिकारी आणि निम्मे नवरदेव सफारी घालून हिंडत होते. चार खिशांचा तो कपडा मुळात गोऱ्या शिकाऱ्याच्या पोशाखावरून आलेला. बंदूक आली नाही, पण खिसे आले.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आलिशान सफारीचं सगळं नेपथ्यच तिथून आलेलं आहे. कॅनव्हासचा तंबू, पितळी कंदील, चामड्याची पेटी, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, शेकोटीभोवतीचं मद्य. हा शंभर वर्षांपूर्वीच्या शिकारी छावणीचा देखावा आहे. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून ५१२ प्राणी मारले. 'बिग फाइव्ह' म्हणून जी यादी आपण आज मुलांना पाठ करायला लावतो, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा, ती या शिकाऱ्यांचीच. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे पाच. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, यादी तीच राहिली. म्हणून जिराफ बिचारा एवढा उंच असून यादीत नाही.

एका लेखाची समीक्षा

आता तो लेख. एका दिवाळी अंकात आला होता. शीर्षक 'राजाच्या दरबारात'. लेखक मीच.

तेव्हा माझी मुलगी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला होती. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हा दोघांना तीन रात्रींची सफारी भेट दिली. माझ्या पेन्शनीत ती बसली नसती. तिथल्या चांगल्या निवासांचं भाडं माणशी, रात्रीला, लाखाच्या पुढे जातं.

जागा समजून घ्या. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यान आहे, १९२६ साली जाहीर झालेलं, सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं. आपला अख्खा नाशिक जिल्हा त्यात मावून जागा उरेल. त्याच्या पश्चिमेला सॅबी सँड नावाची खासगी राखीव जंगलं आहेत. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, त्यामुळे जनावरं मोकळी इकडे-तिकडे जातात. सरकारी उद्यानात तुम्ही आपली गाडी घेऊन स्वस्तात फिरू शकता, पण रस्ता सोडता येत नाही. खासगी भागात गाडी उघडी असते, बिबट्यामागे झुडपात घालता येते, अंधारात प्रकाशझोत टाकता येतो. पैसे त्याचे.

दिवसाचा आराखडा ठरलेला. पहाटे पाचला दारावर टकटक. कॉफी. तीन तास फेरी, मध्ये एका मोकळ्या जागी पुन्हा कॉफी. परत येऊन भरपेट न्याहारी, झोप, चहा. संध्याकाळची फेरी, सूर्य बुडताना हातात पेला, मग प्रकाशझोत, मग शेकोटी. यात रिकामी जागा कुठे आहे? मी शोधली, सापडली नाही. वाट बघणं हा जंगलाचा मूळ स्वभाव, आणि तीच एक गोष्ट या वेळापत्रकात बसत नाही.

हे साधतं कसं? वायरलेसवर. एका गाडीला जनावर दिसलं की बाकीच्यांना कळतं. एका जागी साधारण तीनच गाड्या, असा संकेत असतो, तो पाळतात. त्याबद्दल मला आदर आहे. पण मजा पुढे आहे. वायरलेसवर बोलताना गाइड जनावरांची नावं स्थानिक भाषेत घेतात. बिबट्याला 'इंग्वे'. का? पाहुण्यांना आधीच कळू नये म्हणून. न सापडल्यास हिरमोड नको, सापडल्यास चकित झाल्याचं समाधान हवं. मित्रहो, मी भाषेचा माणूस, मला हे फार लागलं. त्या भूमीची भाषा त्या लाख रुपयांच्या दिवसात आमच्या कानावर पडते ती फक्त गुपित राखण्यापुरती.

आता त्या लेखातला कळसाचा प्रसंग. मी लिहिलं होतं, "मरुलाच्या फांदीवर तो पहुडला होता, जणू आमचीच वाट पाहत." वाचकांनी फार वाखाणलं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो.

गाडीच्या पुढच्या टोकाला, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक खुर्ची बसवलेली असते. तिथे मागकाढ्या बसतो, स्थानिक शांगान माणूस. आमचा मागकाढ्या पन्नाशीचा होता. त्यानं हात वर केला, गाडी थांबली. तो उतरला, धुळीत वाकून बघत राहिला. मी गाइडला विचारलं तेव्हा कळलं: ठशाच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत. ठशावरून किड्यांची बारीक नक्षी गेलेली नाही. रात्री किडे चालतात, म्हणजे जनावर पहाटेनंतर गेलंय. पाऊल जडावल्यासारखं आहे आणि शेजारून काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा आहे, म्हणजे तोंडात शिकार आहे. शिकार आहे म्हणजे झाड शोधणार. मग पन्नास पावलं चालून त्यानं एका दिशेला बोट केलं. मरुलाच्या झाडावर बिबट्या होता, फांदीच्या बेचक्यात इंपाला अडकवलेला. तो आमची वाट पाहत नव्हता. एका माणसानं धूळ वाचली होती.

'वाचली' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. लुई लीबेनबर्ग नावाच्या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकाचं १९९० चं पुस्तक आहे, 'द आर्ट ऑफ ट्रॅकिंग'. कलाहारीतल्या सान शिकाऱ्यांबरोबर राहून त्यानं मांडलं की माग काढणं हेच विज्ञानाचं मूळ असावं. खुणा बघायच्या, अंदाज बांधायचा, पुढच्या खुणेवर तो तपासायचा, चुकला तर सोडायचा. आपण समीक्षेत तरी वेगळं काय करतो?

परवा मी माझा लेख पुन्हा वाचला आणि मोजदाद केली. 'बिबट्या' हा शब्द एकोणीस वेळा. तंबूतल्या न्हाणीघरावर दीड परिच्छेद, कारण टबातून पाणवठा दिसायचा. आणि धूळ वाचणाऱ्या माणसावर अर्धं वाक्य: "आमच्या तरबेज वाटाड्यानं अचूक हेरलं." नाव नाही. मग फोटो काढून बसलो. चारशेच्या वर फोटो आहेत. त्यात तो पुष्कळ आहे, पुढेच बसलेला ना! पण सगळ्यांत त्याची पाठ आहे.

लेखक म्हणून माझा दोष हा नाही, की मी ऐषारामात राहिलो. राहिलो, आवडलं, हिनं तर अजून त्या पावाची आठवण काढते. दोष हा की माहितीपत्रकाचं व्याकरण मी जसंच्या तसं उचललं. त्या व्याकरणात कर्ता एकच असतो, 'आम्ही'. आम्ही पाहिलं, आम्हाला दिसलं, आमच्यासमोर आलं. ज्यानं दाखवलं तो वाक्यातून गळतो. आणि जो तिथे आधी राहत होता, तो तर वाक्याच्या जवळपासही येत नाही.

दरवाजा

तो कोण होता? क्रुगरच्या उत्तर टोकाला, पाफुरी भागात, माकुलेके लोक राहत. १९६९ मध्ये वर्णभेदी सरकारनं त्यांना तिथून हुसकावलं आणि ती जमीन उद्यानात घातली. १९९८ मध्ये जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. त्यांनी काय केलं ऐकण्यासारखं आहे. तिथे परत जाऊन घरं बांधली नाहीत. जंगल जंगलच ठेवलं, आणि पर्यटनाचं उत्पन्न आपल्या गावाकडे वळवलं.

दुसरीकडे बोत्स्वाना. १९६१ मध्ये तिथे सेंट्रल कलाहारी राखीव क्षेत्र झालं, ते वन्यजीवांइतकंच तिथल्या सान लोकांसाठीही होतं. १९९७ आणि २००२ मध्ये त्याच लोकांना तिथून हलवलं, त्यांची कूपनलिका बंद केली. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण कूपनलिका वापरायचा हक्क मिळायला २०११ साल उजाडलं. मधल्या काळात त्याच राखीव क्षेत्रात पर्यटकांसाठी पोहण्याचा तलाव असलेलं निवासस्थान सुरू झालं होतं. एकाच वाळवंटात पाहुण्याला पोहायला पाणी आणि मूळ रहिवाशाला प्यायला कज्जा.

आणि पाहुणा तरी कोण होऊ शकत होता? वर्णभेदाच्या काळात क्रुगरमध्ये कृष्णवर्णीय पर्यटकांना मुक्कामाला जागा जवळजवळ नव्हती. बलुले नावाची एक साधी छावणी, बस. म्हणजे जंगलात राबायचं, माग काढायचा, पण पाहुणा म्हणून आत यायचं नाही.

हे पंचवटीत बसून ऐकताना तुम्हाला काय आठवतं, ते मी सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी, इथल्याच काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. प्रश्न आत जाण्याच्या हक्काचा होता. मंदिर आणि जंगल एक नाही, मला कळतं. पण दरवाजा कुणासाठी उघडतो, हा प्रश्न या गावाला शिकवावा लागत नाही. तो सफारीच्या फाटकावर आपल्याला का सुचत नाही, एवढंच मी स्वतःला विचारतो आहे.

आक्षेप

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, की हे सगळं ठीक, पण या श्रीमंत पाहुण्यांच्या पैशावरच जंगल टिकलंय. हा आक्षेप हलका नाही. बोत्स्वानानं ठरवूनच 'पाहुणे कमी, दर जास्त' असं धोरण ठेवलं. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात गाड्यांची जत्रा होऊ दिली नाही. तो २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, यादीतलं हजारावं स्थळ म्हणून. नामिबियात १९९६ च्या कायद्यानं गावकऱ्यांना आपापल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला; आज तिथे ८० हून अधिक सामुदायिक संरक्षित क्षेत्रं आहेत. महाग सफारीनं चांगलं काहीच होत नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल.

पण बघा, माकुलेके असोत की नामिबियाची गावं, चांगलं कुठे झालं? जिथे स्थानिक माणूस वाक्याचा कर्ता झाला तिथे. म्हणून मी किमतीवर भांडत नाही. सफारीत मला खटकते ती हमी, आणि त्या हमीसाठी कोणकोण चौकटीबाहेर ढकलले जातात ते.

दर्शन

आपण मराठीत यासाठी फार मोठा शब्द वापरतो. व्याघ्रदर्शन. ताडोब्याहून आलेल्या माणसाला आपण विचारतो, "दर्शन झालं का?" म्हणजे रांग आली, पास आला, आणि आता व्हीआयपी दर्शनही आलं. ताज हॉटेल्सनं एका आफ्रिकी सफारी कंपनीबरोबर कान्हा, बांधवगड, पेंच, पन्ना इथे आलिशान निवासं काढली, तेव्हा तो दक्षिण आफ्रिकी नमुना आपल्या दाराशी आला. नमुन्यातली चांगली शिस्त किती आली आणि हमीची भूक किती आली, हे तपासायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं. चित्रफीत फिरली, चालकांवर आणि गाइडांवर कारवाई झाली, नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शिक्षा झाली ती चालकांना. पण गाडीत मागे बसून "अजून पुढे घ्या" असं म्हणणारा तो मजकूर कुणी लिहिला? माझ्यासारख्यांनी लिहिला. जणू तो आमचीच वाट पाहत होता, असं.

आता दर्शनाचा दुसरा अर्थ बघा. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे, तिकडे अकोल्याच्या डोंगरात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघदेवाची लाकडी नाहीतर दगडी मूर्ती असते, तिच्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. गुराखी नैवेद्य दाखवतात. मागणं काय? तुझं तुझ्या वाटेनं, आमचं आमच्या वाटेनं. म्हणजे ज्याला वाघाशेजारी राहायचंय, तो प्रार्थना करतो की भेट नको. ज्याला चार दिवसांनी विमान पकडायचंय, तो पैसे मोजतो की भेट झालीच पाहिजे.

आपल्याकडचं लिहिणं

आपल्याकडे या हमीशिवाय जंगल लिहिलं गेलंय, हे विसरू नये. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, पायी हिंडले. वाघ दिसला की नाही, यावर त्या 'नागझिरा' पुस्तकाचं यश टांगलेलं नाही. वाळकं पान, पाणवठा, वानरांचं भांडण, सगळ्याला तिथे सारखी जागा आहे. वानरांच्याच टोळ्यांवर त्यांनी 'सत्तांतर' लिहिलं आणि त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता वानर कुठल्या 'बिग फाइव्ह'मध्ये आहे?

आणि मारुती चितमपल्ली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. वनाधिकारी होते, हातात सत्ता होती, पण शिकले ते जंगलातल्या आदिवासींकडून, आणि तसं लिहून ठेवलं. बगळ्यांच्या विणीच्या जागेला त्यांनी 'सारंगागार' म्हटलं, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. सफारीत स्थानिक शब्द गुपित म्हणून वापरला जातो, चितमपल्लींनी तो कोशात नेऊन सगळ्यांसाठी उघडा केला. माझ्या लेखी दोन परंपरांमधला फरक एवढ्यात येतो.

दोन तंबू

शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो. माझा तो लेख छापून आला त्याच आठवड्यात निफाडहून मावसभावाच्या घरून फोन आला. वहिनी बोलत होत्या. गोठ्यातलं वासरू बिबट्यानं नेलं होतं. मी म्हटलं, "फॉरेस्टला कळवा, पिंजरा लावायला सांगा." त्या म्हणाल्या, "ते कळवलंय, भाऊजी. पण तुम्ही तिकडं एवढे पैसे देऊन बघायला गेले व्हते ना? मग इकडं या की, फुकट आहे." चिडून नाही म्हणाल्या, हसूनच म्हणाल्या. मला मात्र हसता आलं नाही.

कारण प्राणी एकच आहे. शास्त्रीय दृष्ट्याही एकच जात, उपजाती वेगळ्या. सॅबी सँडमध्ये मी त्याला 'राजबिंडा', 'डौलदार', 'गूढ' म्हटलं. निफाड-सिन्नरला आला की माझ्याच वर्तमानपत्रात त्याचा 'धुमाकूळ' होतो, 'दहशत' होते, शेवटी तो 'जेरबंद' होतो. दोन्ही भाषा खोट्या आहेत. पहिलीत माणूस नाही, दुसरीत जनावर नाही.

ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. सावली, पाणी, लपायला जागा, आसपास कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याची मादी तिथेच विते. २०१३ मध्ये विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अकोले तालुक्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, भरवस्तीच्या शेतपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. तो वाट चुकून 'घुसलेला' नाही, तो इथलाच रहिवासी आहे. त्याच अभ्यासकांनी गळ्यात पट्टा बांधून सोडलेला एक बिबट्या माळशेजकडून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'आजोबा'. बघा, नात्याचा एक शब्द लावला की सगळी गोष्ट कशी बदलते.

पण नात्यानं प्रश्न सुटत नाही, हेही बोललं पाहिजे. शेतीची वीज रात्री येते, पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. ही आमच्या शेतकऱ्याची नाइट सफारी, बॅटरी आणि काठी घेऊन. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडकडून बातम्या आल्या, की शेतात जाताना लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालताहेत. आणि ऊसतोडणीला आलेली माणसं फडाच्या कडेला कोप्यांत राहतात. वर प्लॅस्टिक, खाली माती, कुडाला चिकटून झोपलेलं मूल. फड तुटत येतो तसा बिबट्याचा आसरा कमी होत जातो, आणि बछडी सापडतात ती कोयता हातात असलेल्या बाईला. बहुतेक वेळा ती त्यांना हात लावत नाही, माणसं बोलावते, मग रात्री खोक्यात बछडी ठेवून आईची वाट बघतात. आई येते, घेऊन जाते.

मला दोन तंबू दिसतात. एकात मी होतो. रात्री जेवायला जायचं तर सोबतीला पहारेकरी यायचा, दिवा घेऊन. दुसरा त्या कोपीचा. दोन्ही तंबूंपासून बिबट्या सारख्याच अंतरावर आहे. पहिल्या तंबूवर माहितीपत्रकं आहेत, लेख आहेत, माझाही आहे. दुसऱ्या तंबूवर फक्त बातमी येते, तीही कुणी मेलं तर.

म्हणून सफारीला जाऊ नका, असं मी सांगणार नाही. परवडत असेल तर जरूर जा. फक्त परत आल्यावर कुणाचं सफारीवर्णन वाचाल, किंवा लिहाल, तेव्हा दोन गोष्टी शोधा. जनावर कुणी दाखवलं, त्याचं नाव आहे का? आणि जे दिसलं नाही, त्याला लेखात जागा आहे का? आपलं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावर हिवाळ्यात एक सकाळ काढा, स्थानिक पोरं पक्षी दाखवतात. निघताना त्या पोराचं नाव विचारून या.

या गावाला हे जमतं. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले. त्या झाडांवर ना वाघ होता ना 'बिग फाइव्ह'. ज्या जंगलात दर्शनाची हमी नाही, तेही आपलं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.

माझ्या लेखात मी एक दुरुस्ती केली आहे. 'जणू आमचीच वाट पाहत' हे शब्द काढले. त्या जागी लिहिलं: "तो आम्हाला दिसला, कारण पुढे बसलेल्या माणसाला धूळ वाचता येत होती. त्याचं नाव मी विचारलं नाही." आता मुलीच्या मार्फत चौकशी चालू आहे. नाव कळलं की ते वाक्यही बदलेन.